ठेवलेलं परत वाचताना

या मननाला फार काही लागत नाही. निवांत तासभर वेळ, बसायला जागा आणि घरात कुठंतरी ठेवून दिलेली एखादी जुनी साठवण. नव्वदच्या दशकातल्या संगणकाची बॅकअप टेप तुमच्याकडे असेल तर तीच घ्या. नसेल तर फ्लॉपी, सीडी, जुनी हार्ड डिस्क, ऑडिओ कॅसेट, काहीही चालेल. मी टेपबद्दल बोलत राहीन, तुम्ही तुमच्या वस्तूकडे पाहत राहा.

नागपूरजवळच्या वाडीत राहत असाल तर उन्हाळ्यातली दुपार निवडा. अमरावती रस्त्यावरची धावपळ त्या वेळी जराशी मंदावते. गोदामांपुढे ट्रक सावली धरून उभे असतात, आणि घरात कूलरचा एकसुरी आवाज चालू असतो. त्या आवाजाला अडथळा मानू नका. आपल्याला पुढे त्या कूलरचाही विचार करायचा आहे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ भिंतीला टेकवून बसा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या. मनात एकच प्रश्न धरा: हे मी कुणासाठी ठेवलं होतं? उत्तराची घाई करू नका. प्रश्न तेवढा हाताशी राहू द्या.

वस्तू

आता टेप हातात घ्या. साधारण आठ सेंटीमीटर लांब, सहा सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड. तळाला धातूची पट्टी आहे, त्यामुळे आकाराच्या मानानं ती जड लागते. वरचं झाकण पारदर्शक आहे. आत दोन चकत्या दिसतात आणि त्यांवर गुंडाळलेली काळपट तपकिरी फीत. फितीची रुंदी पाव इंच. दोन्ही चकत्यांना वळसा घालून जाणारा एक पातळ पट्टाही नीट पाहिलं तर दिसेल. ड्राइव्हमधली मोटर फितीला थेट ओढत नाही. ती एका छोट्या चाकाला फिरवते, ते चाक या पट्ट्याला फिरवतं, आणि पट्टा दोन्ही चकत्यांना. एका कोपऱ्यात तिरका बसवलेला इवलासा आरसा आहे. फितीच्या दोन्ही टोकांजवळ बारीक भोकं असतात. त्यांतून आलेला उजेड आरशावरून परततो, तेव्हा ड्राइव्हला कळतं की टोक आलं, आता थांबायचं.

अशा पाव इंची फितीचं मोठं कार्ट्रिज अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं १९७२ मध्ये आणलं. घरगुती संगणकाच्या खणात मावेल अशी ही लहान आवृत्ती ऐंशीच्या दशकात आली. तिचं सर्वांत रुळलेलं मानक क्यूआयसी-८०. २०५ फूट फितीवर ८० मेगाबाइट मावत, साडेतीनशे फुटांच्या आतल्या लांब फितीवर १२०. दाबून भरण्याची सोय वापरली तर त्याच १२० चे २५० होतील, असं खोक्यावर छापलेलं असे. आपल्याकडे घरात टेप ड्राइव्ह असणं दुर्मीळच होतं. बहुतेकांचं फ्लॉपीवर भागायचं. पण एकशेवीस मेगाबाइट फ्लॉपींवर घ्यायचे म्हटलं तर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी फ्लॉपी एकामागून एक घालाव्या लागत. म्हणून ज्यांच्या संगणकावर हिशेब, पुस्तकांची जुळणी किंवा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता, त्यांना ही एक टेप मोलाची वाटे.

आज १२० मेगाबाइटमध्ये फोननं काढलेले तीसेक फोटो बसतात. पण या तुलनेनं टेपला लहान करू नका. एवढ्या जागेत एका माणसानं आयुष्यभर टंकलेली सगळी पत्रं मावतात आणि तरी बरीच जागा उरते. फितीकडे पुन्हा पाहा. तिच्यावर अक्षर दिसत नाही. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर चिकट द्रव्यानं बसवलेले लोखंडाच्या ऑक्साइडचे कण आहेत. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी लावून ही वाट उघडली. आज तुमच्या हातातली फीतही त्याच वाटेवरची आहे. कणांची दिशा इकडे की तिकडे, एवढ्याच फरकात कुणाचं तरी पत्र आहे.

त्या पत्राचा विचार करा. ते कुणी लिहिलं होतं? लिहिणारी व्यक्ती आज कुठं आहे? थोडा वेळ तिथंच थांबा.

ताण

नवं काही लिहिण्याआधी ही टेप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत अशी पूर्ण फिरवायची पद्धत होती. बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा असे. कारण साधं आहे. टेप बराच काळ पडून राहिली, थंडीतून उन्हाळ्यात गेली, प्रवासात हलली, की गुंडाळीतला ताण सगळीकडे सारखा राहत नाही. कुठं फीत सैल होते, कुठं घट्ट. अशा फितीवर लिहिलं तर ड्राइव्हमधलं लिहिणारं-वाचणारं डोकं आणि फीत यांचा स्पर्श एकसारखा होत नाही, आणि लिहिलेलं नंतर वाचताना अडखळतं. पूर्ण एक फेरा झाला की ताण पुन्हा जुळतो.

यात काही मिनिटं जात. त्या वेळात काहीच साठवलं जात नसे. घाईत असलेल्या माणसाला हा फेरा वायफळ वाटायचा. आज आपण तो सावकाश करू.

डोळे मिटा. ज्या काळातली ही साठवण आहे, त्या काळाच्या एका टोकाला जा. घरात संगणक आला तो दिवस असेल, किंवा नोकरीची सुरुवात, किंवा मुलीचं कॉलेज. तिथून हळूहळू पुढे या. मध्ये एखादं वर्ष चटकन निसटेल, तिथं फीत सैल झाली आहे. एखाद्या वर्षाशी मन अडेल, तिथं ती घट्ट आहे. दोन्ही ठिकाणी तेवढाच वेळ द्या. सुखाच्या वर्षावर रेंगाळू नका आणि दुःखाचं वर्ष ओलांडून पळू नका. आजपर्यंत आलात की त्याच वाटेनं मागे जा. हा एक फेरा पुरा झाला की पुढचं वाचन नीट होतं.

लिहिणं

आता लिहिण्याकडे वळू. हे ड्राइव्ह बहुधा फ्लॉपीच्याच वायरला जोडलेले असत. त्यामुळे किंमत कमी राहिली, पण वेगही फ्लॉपीएवढाच. मिनिटाला दोन-तीन मेगाबाइट म्हणजे चांगलं काम. एक टेप भरायला पाऊण तास ते तास लागे. क्यूआयसी-८० मध्ये फितीवर एकाखाली एक २८ माग असत. फीत एका टोकाला पोचली की डोकं किंचित सरके आणि फीत उलट दिशेनं लिहीत परत येई. अशा अठ्ठावीस फेऱ्या.

संगणकाकडून मजकूर वेळेवर आला नाही, तर ड्राइव्हची पंचाईत होई. फीत क्षणात थांबत नाही. ती थोडी पुढे जाई, मग मागे येऊन आपली जागा शोधी, आणि पुन्हा धाव घेऊन लिहायला लागे. संगणक जुना आणि संथ असेल तर हे पुढे-मागे होणं रात्रभर चाले. वेळ जाई आणि फीतही झिजे. जाणती माणसं म्हणून बॅकअप चालू असताना संगणकावर दुसरं काम करत नसत. टेपला तिच्या गतीनं जाऊ देत. विदर्भातल्या भारनियमनाच्या काळात तर लाईट जाण्याचं वेळापत्रक पाहूनच असलं लांबलचक काम हाती घ्यावं लागे.

लिहिण्याच्या या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्यूआयसी-८० मध्ये मजकूर बत्तीस-बत्तीस खंडांच्या गटांनी लिहिला जातो. त्या बत्तीसपैकी मजकुराचे फक्त एकोणतीस. उरलेले तीन दुरुस्तीसाठी राखलेले. त्यांत बाकीच्या खंडांवरून गणितानं काढलेली माहिती असते. पुढं कधी फितीवर डाग पडला, चरा गेला आणि गटातले तीन खंड वाचता आले नाहीत, तरी राहिलेल्या एकोणतिसांवरून ते तीन पुन्हा उभे करता येतात.

हा विचार मनात घोळवा. ज्यांनी ही रचना केली त्यांनी फीत खराब होणार हे आधीच मान्य केलं. नवी कोरी, निर्दोष टेप हातात असताना त्यांनी तिच्या जखमांसाठी जागा सोडली, आणि जवळजवळ दहावा हिस्सा त्यासाठी खर्ची घातला. आपल्या माणसांसाठी काही जपताना आपण एवढी जागा सोडतो का? एकाच फोनमध्ये, एकाच खात्यात, एकाच पासवर्डमागे सगळं ठेवतो, तेव्हा काही बिघडणार नाही असंच धरून चालतो. बिघडणार आहे असं शांतपणे मानून बघा. भीती वाटली तर वाटू द्या. मग त्या भीतीचं रूपांतर एका साध्या कामात होईल: दुसरी प्रत.

ताडून पाहणं

टेप भरली की पडद्यावर विचारणा होई: ताडून पाहायचं का? हो म्हटलं तर टेप पुन्हा पहिल्यापासून वाचली जाई आणि प्रत्येक फाइल डिस्कवरच्या मूळ फाइलशी जुळते का ते तपासलं जाई. लिहायला लागला तेवढाच वेळ पुन्हा. रात्रीचे अकरा वाजलेले असत, सकाळी कामावर जायचं असे. तरी जे हो म्हणत, त्यांनाच खात्रीनं सांगता येई की टेपवर काही आहे.

या एका पायरीसाठी आपण वाडीहून थोडं पुढे जाऊ. तिथला अमरावती रस्ता पुढे अमरावती जिल्ह्यात शिरतो, आणि त्या जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान. मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झालं तेही इथंच. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे ते गेले. एकेकाची आठवण टिपून घेतली आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतली. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आरंभीचा महान ग्रंथ अशा ताडून पाहण्यातून झाला.

पुढे धामधुमीच्या काळात मूळ प्रत गेली. पंथातल्या लोकांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा यांना लीळा मुखोद्गत होत्या, असं परंपरा सांगते. एकाहून अधिक आठवणींतून ग्रंथ परत आल्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ झाले, आणि अभ्यासक आजही ते एकमेकांशी लावून पाहतात. प्रत जाते तेव्हा काय होतं, याचं हे आपल्याच मुलखातलं उदाहरण. ग्रंथ वाचला, कारण तो लोकांच्या तोंडी होता. तोंडी होता, कारण ती माणसं त्याचं रोज स्मरण करत होती. ठेवून दिलेल्या पोथीला जे जमलं नाही, ते परत परत म्हटलेल्या शब्दांना जमलं.

तुमच्या समोरची वस्तू तुम्ही शेवटची कधी वाचून पाहिली? आठवत नसेल तर मनाला टोचणी लावून घेऊ नका. फक्त नोंद घ्या.

ऊन आणि ओल

आता त्या कूलरकडे लक्ष द्या. नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या आसपास. वाडीत रस्त्याची धूळ, त्यात ट्रकांची ये-जा. खोली थंड करायला आपण वाळ्याच्या किंवा भुशाच्या ताट्यांवर पाणी सोडतो आणि त्यातून वारा खेचतो. कोरड्या हवेत माणसाला याहून सुखाचं काही नाही. टेपला मात्र हे पाणी मानवत नाही.

ऑक्साइडचे कण ज्या द्रव्यानं पट्टीला चिकटलेले असतात ते बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. हवेतली ओल हळूहळू त्यात शिरते आणि त्याचे रेणू तुटत जातात. अनेक वर्षांनी फीत चिकट होते. फिरवली की डोक्यावर तपकिरी साका बसतो, आणि त्या साक्यातच मजकूर असतो. ध्वनिमुद्रणाच्या अनेक जुन्या टेपांची हीच गत झाली. ज्यांच्याकडे साधनं आहेत ते अशा टेपा पन्नासेक अंश सेल्सिअसला काही तास कोरड्या हवेत ठेवतात. मग थोड्या काळापुरत्या त्या वाचता येतात, आणि त्या मुदतीत नवी प्रत काढून घ्यावी लागते. घरच्या चुलीवर किंवा ओव्हनमध्ये करण्याचा हा प्रयोग नव्हे. ते जाणकाराचं काम.

आपल्या हाती आहे ते एवढंच. टेप कूलरच्या वाऱ्यात ठेवू नये. माळ्यावर पत्र्याखालीही ठेवू नये, तिथं दिवसा भट्टी आणि पावसाळ्यात ओल. स्पीकरजवळ नको, त्यात लोहचुंबक असतं. आतल्या खोलीतलं, भिंतीला न टेकलेलं लाकडी किंवा लोखंडी कपाट चांगलं. टेप डबीत घालून उभी ठेवावी. कुठून थंड ठिकाणाहून आणली असेल तर लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, खोलीच्या हवेत काही तास राहू द्यावी.

हे नियम म्हणून वाचू नका. तुमच्या घरातली अशी एक जागा मनानं शोधा जिथं ऊन येत नाही, ओल येत नाही आणि रोज कुणाचा हात लागत नाही. मनातल्या मनात तिथं जाऊन उभे राहा. आज तिथं काय ठेवलेलं आहे?

वाचणारं यंत्र

फीत शाबूत असली तरी वाचायला यंत्र लागतं. जुन्या ड्राइव्हमधला रबरी रूळ वर्षं गेली की चिकट गोळ्यासारखा होतो. कार्ट्रिजमधला पट्टा तुटला तर फीत आत मोकळी सुटते. म्हणून जाणते लोक जुनी टेप घाईनं ड्राइव्हमध्ये ढकलत नाहीत. आधी रूळ तपासतात, बदलतात, अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं डोकं पुसतात, आणि ज्यात काही महत्त्वाचं नाही अशी टेप आधी फिरवून पाहतात. यंत्र जुळलं तरी ते कुठं जोडायचं हा प्रश्न उरतोच. फ्लॉपीची वायर घेणारे मदरबोर्ड गेले. लिनक्समध्ये या ड्राइव्हसाठी एफटेप नावाचा चालक होता, तोही २००७ च्या सुमारास काढून टाकला गेला.

नासाच्या दोन गोष्टी इथं शेजारी ठेवून पाहा. १९६६ आणि ६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली, ती टेपवर घेतली होती. नॅन्सी एव्हान्स या अभिलेखापालांनी त्या टेपा टाकू दिल्या नाहीत. वाचायला लागणारी अँपेक्सची अवजड यंत्रंही त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली. त्यामुळेच २००८ पासून ती चित्रं पूर्वी कधी दिसली नव्हती इतक्या स्पष्टपणे पुन्हा मिळाली. उलट, अपोलो ११ च्या मूळ प्रक्षेपणाच्या टेपा शोधशोध शोधल्यावर २००९ मध्ये नासानं सांगितलं की त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. एका ठिकाणी टेप, यंत्र आणि माणूस तिन्ही टिकले. दुसऱ्या ठिकाणी टेपेची गरज होती आणि तिच्यावर काय आहे हे विचारणारं कुणी नव्हतं.

मराठी माणसासाठी आणखी एक थर आहे. नव्वदच्या दशकात आपण मराठी टंकली ती श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींत. त्या फाइलीत 'क' हे अक्षर 'क' म्हणून नोंदलेलं नसतं. इंग्रजी चिन्हांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. टेप वाचली गेली, फाइल परत आली, उघडली, आणि समोर अर्थहीन चिन्हांची रांग. मजकूर तिथंच आहे, तंतोतंत आहे. तो फाँट किंवा त्या मांडणीचा तक्ता नसेल तर तो वाचता येत नाही. युनिकोड रुळल्यावर रूपांतर करणारी साधनं आली, म्हणून अशी फाइल सापडली तर तिला टाकाऊ समजू नका. तिच्या शेजारी तिचा फाँटही जपा.

महानुभावांचंही असंच झालं होतं. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेर शेकडो वर्षं कुणाला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडली, आणि मराठीला आपलं हरवलेलं प्राचीन गद्य मिळालं.

आपण मागं ठेवतो त्याची किल्ली कुणाकडे आहे? हा प्रश्न तुमच्या हातातल्या वस्तूला विचारा. तुमच्यानंतर ती उघडणाऱ्याला काय काय लागेल ते एकेक करून मनाशी मोजा: यंत्र, वायर, प्रोग्रॅम, फाँट, पासवर्ड, आणि आत काय आहे हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी.

दुसरं घर

वाडीतल्या गोदामांत देशभरातला माल येऊन थांबतो. प्रत्येक नगाबरोबर बिल्टी असते: कुठून आला, कुठं जायचा, किती नग. बिल्टी हरवली तर माल समोर असूनही तो कुणाचा ते सांगता येत नाही. टेपवरही सुरुवातीला फाइलींची अशीच यादी लिहिलेली असते, आणि डबीवरच्या चिठ्ठीवर तारीख लिहायची ती याचसाठी. माल गोदामात कायमचा राहण्यासाठी येत नाही. त्याला पुढं जायचं असतं. टेपेलाही तसंच पुढं जायचं असतं, एका पिढीच्या यंत्रावरून दुसऱ्या पिढीच्या.

मोठ्या संस्था हे रोज करतात. २०११ मध्ये गूगलच्या एका बिघाडात हजारो लोकांची जीमेलची पत्रं नाहीशी झाली, ती शेवटी टेपवरून परत आणली गेली. अशा संस्था वापरतात त्या एलटीओ टेपेची नववी पिढी २०२१ मध्ये आली. एका टेपवर अठरा टेराबाइट, म्हणजे आपल्या १२० मेगाबाइटच्या दीड लाख टेपा. पण तिचं यंत्र फक्त आधीच्या एका पिढीच्या टेपा वाचतं. म्हणजे दर काही वर्षांनी सगळं वाचून नव्या टेपेवर उतरवणं हा त्या व्यवस्थेचा नित्यनेमच आहे.

घरासाठी नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं तो असा आकड्यांत मांडून लोकप्रिय केला. वाडीतल्या घरी दोन प्रती असतील तर तिसरी धरमपेठेतल्या बहिणीकडे किंवा अमरावतीच्या मामांकडे असू द्या. बंद पाकिटावर तारीख आणि तुमचं नाव लिहा. देताना आत काय आहे ते त्यांना सांगा. कोणाच्या घरी आपण आपली आठवण विश्वासानं ठेवू शकतो, याचा विचार करताना एक-दोन चेहरे डोळ्यांपुढं येतील. त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता येऊ द्या.

काय ठेवायचं

टेप लहान होती, म्हणून निवडावं लागे. प्रोग्रॅम पुन्हा बसवता येतात, ते सोडून द्यायचे. आपण स्वतः केलेलं तेवढं घ्यायचं. आता जागेची टंचाई राहिली नाही, तरी निवडण्याचं काम उरलंच आहे, कारण एका माणसाला वाचून पाहता येईल तेवढंच खरं जपलं जातं.

निवडीची कसोटी याच रस्त्यावर मिळते. वाडीहून नागपूरकडे जाताना अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, १९७६ पासूनचा. त्याच परिसरात इस्रोचं प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आहे. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा पहिला नियमित कामाचा (प्रायोगिक नसलेला) दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्या काळी उपग्रहाची चित्रं अर्ध्या इंची टेपेच्या रिळांवरून वापरणाऱ्यांपर्यंत पोचत. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे बहात्तर मीटर, फार बारीक पाहिलं तर छत्तीस. आजचे उपग्रह कितीतरी बारीक पाहतात. पण १९८८ चं विदर्भ, तेव्हाची शेतं, तलाव, जंगलाची किनार, यांचं चित्र आज कुठल्याही उपग्रहाला काढता येणार नाही. ते त्या वर्षीच निघू शकत होतं.

तुमच्या साठवणीला हीच कसोटी लावा. यातलं काय उद्या पुन्हा मिळू शकेल? ते मोकळ्या मनानं सोडा. आणि काय फक्त तेव्हाच होऊ शकत होतं? आजोबांनी सांगितलेली गावाची हकीकत, आईनं टंकून घेतलेल्या तिच्या पाककृती, वडिलांच्या कारखान्यातल्या दिवसांच्या नोंदी, कुणाचं तरी शुद्धलेखनाच्या चुकांसह लिहिलेलं पहिलं पत्र. यादी लांबू देऊ नका. सुरुवातीला धरलेल्या प्रश्नाचं उत्तर याच यादीत आहे. ज्या माणसाचं नाव तिथं आपोआप आलं, त्याच्यासाठी तुम्ही हे ठेवलं होतं.

मला या सगळ्यातून जे समजलं ते एवढंच: ठेवून दिलेली वस्तू आपोआप जपली जात नाही. ती कुणीतरी पुन्हा उघडतं, वाचतं, मुळाशी लावून पाहतं, नव्या साधनावर उतरवतं आणि दुसऱ्याच्या हाती देतं, तेव्हा ती एक पिढी पुढे सरकते. फितीत, पोथीत, उपग्रहाच्या रिळात, सगळीकडे हेच दिसतं.

तेव्हा उठण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. आज कोणती एक साठवण उघडून वाचायची. ती वाचता येत नसेल तर कुणाला विचारायचं; जुनी यंत्रं चालू ठेवणारा कुणीतरी नागपुरात, पुण्यात, मुंबईत नक्की सापडेल, आणि जितकं लवकर विचाराल तितकी आशा जास्त. आणि पुढचं वाचन कधी. ती तारीख कागदावर लिहा, घरातल्या धाकट्या माणसाला दाखवा, आणि त्या दिवशी वाचायला तिला किंवा त्याला शेजारी बसवा.